एक्सेलमध्ये ‘बिफोरक्लोज’ चालतं, पण फाइल उघडीच राहते: फाइल खरोखर बंद झाली हे मॅक्रोला कसं कळवायचं

लक्षण असं असतं. सामायिक फोल्डरमधल्या साठा नोंदवहीच्या एक्सेल फाइलला मॅक्रो, म्हणजे तिच्यातच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, जोडलेला आहे. फाइल कधी उघडली, कधी बंद झाली, याची एक ओळ तो शेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकतो. दुपारी ती टेक्स्ट फाइल उघडली की दिसतं:

०९:५८ उघडली
११:२० बंद
११:४७ बंद
१३:०५ बंद

उघडली एकदा आणि बंद झाली तीनदा. ११:२० ला ‘बंद’ झालेली फाइल दुसऱ्या टेबलावरून ११:३० ला उघडायला गेलं, तर एक्सेल सांगतं की ती वापरात आहे, हवी तर फक्त वाचण्यापुरती उघडा.

याच दुखण्याची आणखी रूपं आहेत. बंद करताना काढून टाकलेला आपला मेनू फाइल उघडी असतानाच गायब होतो. दर पाच मिनिटांनी आकडे ताजे करणारा टायमर मध्येच थांबतो. किंवा उलट, बंद केलेली फाइल थोड्या वेळाने आपोआप पुन्हा उघडते. मूळ एकच आहे: एक्सेलमध्ये ‘बंद होण्याआधी’ (बिफोरक्लोज) असा इव्हेंट, म्हणजे तुमचा कोड आपोआप चालवणारा प्रसंग, आहे; ‘बंद झाल्यावर’ असा नाही.

(इव्हेंट आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये, म्हणजे एक्सेलच्या मॅक्रो लिहायच्या खिडकीत, त्यांचं मूळ स्पेलिंगच लागेल. इव्हेंटची नावं हाताने टाइप करण्यापेक्षा ‘धिसवर्कबुक’ मॉड्यूल उघडून कोडच्या वरच्या डाव्या यादीत ‘वर्कबुक’ आणि उजव्या यादीत हवा तो इव्हेंट निवडा. पहिली आणि शेवटची ओळ एडिटरच लिहून देतो.)

नेमकं काय घडतं

वापरणारा फुलीवर क्लिक करतो. एक्सेल सर्वांत आधी ‘वर्कबुक बिफोरक्लोज’ चालवतं. तो संपल्यावर एक्सेल फाइलचा ‘सेव्ह्ड’ गुणधर्म पाहतं. तो फॉल्स असेल तर ‘बदल सेव्ह करायचे का?’ हा प्रश्न पडद्यावर येतो. म्हणजे वापरणारा सेव्ह, डोन्ट सेव्ह की कॅन्सल यातलं काय दाबणार, हे ठरण्याआधीच तुमचा कोड चालून गेलेला असतो. कॅन्सल दाबलं तर फाइल उघडी राहते आणि तुम्ही केलेली आवराआवर तशीच राहते. वरच्या नोंदीतल्या ११:२० आणि ११:४७ या ओळी म्हणजे दोनदा दाबलेलं कॅन्सल.

हे स्वतः पाहून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. फाइलची एक प्रत घ्या. बिफोरक्लोज, बिफोरसेव्ह, आफ्टरसेव्ह, विंडोडिअ‍ॅक्टिव्हेट आणि डिअ‍ॅक्टिव्हेट या पाचही इव्हेंटमध्ये ‘डीबग.प्रिंट’ने इव्हेंटचं नाव छापणारी एकेक ओळ घाला. (आफ्टरसेव्ह एक्सेल २०१० पासून आहे.) शेजारी दुसरी एखादी रिकामी वर्कबुक उघडी ठेवा, म्हणजे चाचणीची फाइल गेली तरी एक्सेल चालू राहील. एडिटरमध्ये कंट्रोल आणि जी दाबून ‘इमिजिएट’ खिडकी उघडा. फाइल बंद झाल्यावरही तिच्यातला मजकूर टिकतो. इथे मेसेजबॉक्स वापरू नका. तो मध्येच थांबवतो आणि चाचणीचा क्रम बिघडवतो.

मग एका सेलमध्ये काहीतरी लिहा, फुली दाबा आणि प्रत्येक उत्तर आळीपाळीने देऊन बघा.

सेव्ह दाबल्यास: बिफोरक्लोज, बिफोरसेव्ह, आफ्टरसेव्ह, विंडोडिअ‍ॅक्टिव्हेट, डिअ‍ॅक्टिव्हेट.
डोन्ट सेव्ह दाबल्यास: बिफोरक्लोज, विंडोडिअ‍ॅक्टिव्हेट, डिअ‍ॅक्टिव्हेट.
कॅन्सल दाबल्यास: फक्त बिफोरक्लोज.
बंद न करता नुसतं दुसऱ्या वर्कबुकवर गेल्यास: फक्त विंडोडिअ‍ॅक्टिव्हेट, डिअ‍ॅक्टिव्हेट.

सगळं उत्तर या चार ओळींत आहे. बिफोरक्लोज एकटा पुरावा नाही, डिअ‍ॅक्टिव्हेटही एकटा पुरावा नाही. बिफोरक्लोजच्या पाठोपाठ, मध्ये वापरणाऱ्याच्या हाती काम परत न जाता डिअ‍ॅक्टिव्हेट आला, तरच फाइल बंद होते आहे. विंडोडिअ‍ॅक्टिव्हेटला मात्र यात घेऊ नका. त्याच फाइलच्या ‘न्यू विंडो’ने दोन खिडक्या उघडल्या असतील, तर त्यातली एक बंद केल्यावरही तो येतो, आणि फाइल जागच्या जागी असते.

आधी ठरवा: बंद झाल्याचं कळायची गरज आहे का?

बहुतेक वेळा नसते. आपला मेनू दाखवणं, शॉर्टकट की बांधणं, फॉर्म्युला बार लपवणं, पूर्ण पडदा व्यापणं, ही सगळी कामं ‘ओपन’मध्ये करून ‘बिफोरक्लोज’मध्ये उलटवली जातात, आणि इथेच चुकतं. यांची खरी जागा अ‍ॅक्टिव्हेट आणि डिअ‍ॅक्टिव्हेट ही आहे. फाइल समोर आली की मांडा, मागे गेली की आवरा. कॅन्सल दाबलं तर डिअ‍ॅक्टिव्हेट येतच नाही, म्हणून मेनू जागेवर राहतो. फाइल खरंच बंद झाली तर तो येतो आणि मेनू जातो. दुसरी फाइल समोर असताना तुमचे शॉर्टकट तिच्यात लुडबुड करत नाहीत, हा वरचा फायदा. मात्र हा कोड कितीही वेळा लागोपाठ चालला तरी बिघडणार नाही असा लिहा: मेनू घालण्याआधी त्याच नावाचा जुना मेनू असेल तर काढा.

मॅक्रो बंद असताना पानं दिसू नयेत म्हणून ती लपवायची असतील, तर तेही बिफोरक्लोजमध्ये करू नका. पान लपवलं की ‘सेव्ह्ड’ फॉल्स होतो, आणि एका मिनिटापूर्वी सेव्ह केलेल्या माणसालाही पुन्हा सेव्हचा प्रश्न येतो. त्याने डोन्ट सेव्ह म्हटलं की लपवणं वाया जातं. पानं बिफोरसेव्हमध्ये लपवा, आफ्टरसेव्हमध्ये परत दाखवा आणि त्यानंतर ‘मी.सेव्ह्ड = ट्रू’ ही ओळ लिहा (कोडमधलं ‘मी’ म्हणजे ही फाइल). आफ्टरसेव्हला ‘सक्सेस’ नावाची खूण मिळते. ती फॉल्स असेल, म्हणजे सेव्ह झालंच नसेल, तर पानं दाखवा पण ही शेवटची ओळ वगळा.

कोणी काहीच बदललं नाही आणि बिफोरक्लोजमध्येही काही लिहिलेलं नाही, तरी सेव्हचा प्रश्न येत असेल तर फॉर्म्युले पाहा. नाऊ, टुडे, रँड, ऑफसेट, इनडायरेक्ट ही फंक्शनं फाइल उघडताच पुन्हा मोजली जातात आणि फाइल ‘बदललेली’ ठरते. जुन्या एक्सेलमध्ये सेव्ह केलेली फाइल नव्यात उघडली तरी हेच होतं.

राहिलेली कामं दोन: वेळेची नोंद किंवा दुसऱ्यांनी वापरू नये म्हणून आपण ठेवलेलं कुलूप सोडणं, आणि चालू टायमर रद्द करणं. यांना मात्र खरं बंद होणं कळावंच लागतं.

पहिला उपाय: प्रश्न आपणच विचारणे

बिफोरक्लोजमध्ये एक्सेलच्या आधी आपण विचारायचं. ‘मी.सेव्ह्ड’ फॉल्स असेल तर होय, नाही आणि रद्द अशी तीन बटणं असलेला मेसेजबॉक्स दाखवा. होय असेल तर ‘मी.सेव्ह’. नाही असेल तर ‘मी.सेव्ह्ड = ट्रू’. रद्द असेल तर ‘कॅन्सल = ट्रू’ आणि लगेच ‘एक्झिट सब’. आवराआवरीचा कोड याच्या खाली ठेवा. एक्सेलला आता विचारण्यासारखं काही उरत नाही, म्हणून त्याचा प्रश्न येत नाही.

हा उपाय सोपा आहे आणि एकाच माणसाच्या फाइलला पुरतो. पण त्याला भेगा आहेत. फाइल फक्त वाचण्यासाठी उघडली असेल तर ‘मी.सेव्ह’ त्याच नावाने सेव्ह करू शकत नाही, म्हणून आधी ‘मी.रीडओन्ली’ तपासा. साच्यावरून तयार केलेली नवी फाइल असेल तर ‘मी.पाथ’ रिकामा असतो; तिथे ‘सेव्ह’ऐवजी नाव विचारून ‘सेव्हअ‍ॅज’ करा आणि तो डायलॉग रद्द झाला तर ‘कॅन्सल = ट्रू’ करा. वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवरच्या फाइलमध्ये ऑटोसेव्ह चालू असेल, तर ‘नाही’ या उत्तराला अर्थच राहत नाही: बदल आधीच सेव्ह झालेले असतात. ‘मी.ऑटोसेव्हऑन’ ट्रू असेल तर हा प्रश्न विचारूच नये.

सगळ्यात वाईट भेग वेगळीच आहे. फाइलमधला बिफोरक्लोज आधी चालतो, आणि अ‍ॅड-इनमध्ये कोणी अ‍ॅप्लिकेशन पातळीवरचा ‘वर्कबुकबिफोरक्लोज’ लिहिला असेल तर तो त्याच्यानंतर. (अ‍ॅड-इन म्हणजे एक्सेलला जोडलेली पूरक फाइल; तिचा कोड बाकीच्या उघड्या फाइलींवरही चालू शकतो.) तो अ‍ॅड-इन ‘कॅन्सल = ट्रू’ करू शकतो. मग फाइल उघडी, आवराआवर झालेली, आणि वापरणाऱ्याने ‘नाही’ म्हटलं असेल तर न सेव्ह केलेले बदल ‘सेव्ह झालेले’ ठरलेले. नंतर बंद करताना एक्सेल एक शब्दही विचारणार नाही. लोकांचं काम ज्या फाइलमध्ये आहे तिथे हा धोका पत्करू नये.

आणखी एक: बिफोरक्लोजच्या आत ‘धिसवर्कबुक.क्लोज’ लिहू नका. त्याने बिफोरक्लोज पुन्हा सुरू होतो. शिवाय फाइल आपल्याच कोडमधून बंद झाली की त्या ओळीनंतरचा कोड चालत नाही. ज्या प्रोजेक्टमध्ये तो आहे तोच मेमरीतून गेलेला असतो. ‘क्लोज’च्या खाली ‘बंद झाली’ अशी नोंद करणारी ओळ लिहून ती का चालत नाही हे शोधण्यात वेळ घालवू नका.

दुसरा उपाय: फ्लॅग आणि ऑनटाइम

साध्या मॉड्यूलमध्ये दोन पब्लिक चल ठेवा: ‘बंदहोतेय’ हा बूलियन (ट्रू किंवा फॉल्स; हाच आपला फ्लॅग) आणि ‘ठरलेलीवेळ’ हा डेट.

बिफोरक्लोजमध्ये ‘बंदहोतेय = ट्रू’ करा. ‘ठरलेलीवेळ = नाऊ’ करा. मग ‘अ‍ॅप्लिकेशन.ऑनटाइम’ने (ठरल्या वेळी कोड चालवणाऱ्या आज्ञेने) त्या वेळेला ‘फ्लॅगउतरवा’ नावाची प्रोसीजर, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, लावा. ही प्रोसीजर साध्या मॉड्यूलमध्येच हवी, आणि तिच्या नावापुढे एकेरी अवतरणात फाइलचं नाव आणि उद्गारचिन्ह जोडा. दुसऱ्या उघड्या फाइलमध्ये त्याच नावाची प्रोसीजर असेल तर घोळ होत नाही. तिचं काम एकच: ‘बंदहोतेय = फॉल्स’.

डिअ‍ॅक्टिव्हेटमध्ये ‘बंदहोतेय’ ट्रू असेल तरच पुढे जा. तोच ऑनटाइम, तीच ‘ठरलेलीवेळ’, तेच नाव, आणि शेवटी ‘शेड्यूल’ फॉल्स देऊन रद्द करा. त्यानंतर नोंद करा.

हे का चालतं ते समजून घ्या. सेव्हचा प्रश्न पडद्यावर असेपर्यंत एक्सेल मोकळं नसतं, म्हणून ऑनटाइमची पाळी येत नाही. कॅन्सल दाबलं की एक्सेल मोकळं होतं, ‘फ्लॅगउतरवा’ चालते आणि फ्लॅग खाली येतो. आता वापरणारा दुसऱ्या फाइलवर गेला तरी डिअ‍ॅक्टिव्हेटला फ्लॅग उतरलेला दिसतो. सेव्ह किंवा डोन्ट सेव्ह दाबलं तर एक्सेल मोकळं होण्याआधीच डिअ‍ॅक्टिव्हेट येतो, फ्लॅग वर असतो, नोंद होते.

नुसता फ्लॅग ठेवून ऑनटाइम गाळला, तर कॅन्सलनंतर फ्लॅग वरच राहतो आणि पहिल्यांदा दुसऱ्या फाइलवर जाताच खोटी नोंद पडते. सेल निवडल्यावर फ्लॅग उतरवण्याची युक्ती पुरत नाही. कॅन्सल दाबून कुठल्याही सेलला हात न लावता माणूस थेट दुसऱ्या फाइलवर जाऊ शकतो.

डिअ‍ॅक्टिव्हेटमधलं रद्द करणं विसरू नका. ऑनटाइमने लावलेली प्रोसीजर बंद फाइलमध्ये असेल, तर ती चालवण्यासाठी एक्सेल ती फाइल पुन्हा उघडतं. ‘फाइल आपोआप उघडते’ या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. रद्द करताना वेळ सेकंदापर्यंत तीच लागते, म्हणूनच ती चलात ठेवायची. तिथे नव्याने ‘नाऊ’ लिहिलं तर ते दुसरीच वेळ देतं आणि १००४ क्रमांकाची त्रुटी येते. रद्द करण्याच्या ओळीआधी ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ आणि नंतर ‘ऑन एरर गोटू ०’ असू द्या.

दर पाच मिनिटांचा टायमर याच सांगाड्यात बसतो. तो बिफोरक्लोजमध्ये रद्द करू नका, डिअ‍ॅक्टिव्हेटमध्ये फ्लॅग पाहून रद्द करा. त्याच्यासाठी वेळेचा वेगळा चल ठेवा आणि प्रत्येक फेरीला तो नव्याने भरा.

नोंद सेलमध्ये करू नका. डिअ‍ॅक्टिव्हेटपर्यंत सेव्ह होऊन गेलेलं असतं, सेलमध्ये लिहिलेलं फाइलबरोबरच जातं. बाहेरची टेक्स्ट फाइल ‘अपेंड’ पद्धतीने उघडा, तारीख, वेळ आणि वापरणाऱ्याचं नाव एका ओळीत लिहा, लगेच बंद करा.

हा उपाय कुठे फसतो? फाइल अ‍ॅड-इन असेल तर, कारण अ‍ॅड-इन कधी समोर येतच नाही, त्यामुळे अ‍ॅक्टिव्हेटही नाही आणि डिअ‍ॅक्टिव्हेटही नाही. दुसऱ्या फाइलमधल्या कोडने मागे असलेली फाइल बंद केली तरीही डिअ‍ॅक्टिव्हेटवर भरवसा ठेवू नये. जी समोर नाही ती मागे काय जाणार? आणि एखाद्या न पकडलेल्या त्रुटीच्या खिडकीत कोणी ‘एंड’ दाबलं, तर प्रोजेक्टमधले सगळे चल पुसले जातात, फ्लॅगसकट.

तिसरा उपाय: बाहेरून पाहणारा अ‍ॅड-इन

एकापेक्षा जास्त फाइलींवर लक्ष ठेवायचं असेल, किंवा नोंद हिशेबाच्या कामाची असेल, तर पाहणारा कोड फाइलच्या आत ठेवूच नका. एक्सएलएएम अ‍ॅड-इन बनवा. त्यात क्लास मॉड्यूल घाला आणि त्याच्या माथ्यावर ‘विथइव्हेंट्स’सह अ‍ॅप्लिकेशन प्रकारचा चल जाहीर करा. अ‍ॅड-इनच्या ‘ओपन’मध्ये या क्लासची वस्तू तयार करून साध्या मॉड्यूलमधल्या पब्लिक चलात ठेवा. ती स्थानिक चलात ठेवली तर प्रोसीजर संपताच नष्ट होते आणि एकही इव्हेंट येत नाही.

‘वर्कबुकबिफोरक्लोज’ आला की त्या फाइलचं पूर्ण नाव आणि वेळ एका कलेक्शनमध्ये घाला, आणि अ‍ॅड-इनमधलीच ‘तपासा’ ही प्रोसीजर ऑनटाइमने ‘नाऊ’ला लावा. ती चालेल तेव्हा उघड्या सगळ्या वर्कबुकांवरून फिरून ‘फुलनेम’ जुळवून बघायचं. नाव सापडलं तर कॅन्सल झालं होतं, नोंद टाकून द्या. सापडलं नाही तर फाइल बंद झाली. इथे फ्लॅग नाही, डिअ‍ॅक्टिव्हेटवर भिस्त नाही, आणि फाइल पुन्हा उघडायची भीती नाही, कारण प्रोसीजर अ‍ॅड-इनमध्ये आहे. दुसऱ्या अ‍ॅड-इनने केलेलं ‘कॅन्सल’सुद्धा यात बरोबर पकडलं जातं. तिन्हींत हा सगळ्यात भक्कम.

फाइलबरोबर अख्खं एक्सेलच बंद झालं तर ‘तपासा’ची पाळी येत नाही. म्हणून बिफोरक्लोजलाच टेक्स्ट फाइलमध्ये ‘बंद करायला घेतली’ अशी ओळ लिहा आणि ‘तपासा’मध्ये तिचा निकाल. पुढच्या वेळी अ‍ॅड-इन उघडताना निकाल नसलेली ओळ दिसली, तर ती फाइल अजून कोणाकडे उघडी आहे का हे कुलुपावरून बघा. ‘ओपन’ आज्ञेने ती बायनरी पद्धतीने, वाचन-लेखन आणि ‘लॉक रीड राइट’सह उघडायचा प्रयत्न करा. ७० क्रमांकाची त्रुटी आली तर फाइल कोणीतरी धरून ठेवली आहे. उघडली तर लगेच बंद करा आणि निकाल लिहा. आधी ‘डिर’ने फाइल जागेवर आहे याची खात्री करा, कारण बायनरी पद्धत नसलेली फाइल नव्याने तयार करते. ही चाचणी स्थानिक आणि नेटवर्क फोल्डरसाठी आहे. ~$ ने सुरू होणारी लपलेली फाइल दिसते म्हणून मूळ फाइल उघडी आहे असं धरू नका; एक्सेल कोसळलं तर ती मागे राहू शकते.

काहीच चालत नसेल तर

इव्हेंट मुळीच येत नसतील तर पहिला संशय ‘इनेबलइव्हेंट्स’वर घ्या. एखाद्या मॅक्रोने तो फॉल्स केला आणि मध्येच त्रुटी येऊन थांबला, तर एक्सेल बंद करेपर्यंत सगळ्या फाइलींचे इव्हेंट गप्प राहतात. इमिजिएट खिडकीत ‘अ‍ॅप्लिकेशन.इनेबलइव्हेंट्स = ट्रू’ लिहून एंटर दाबा. मग तो फॉल्स करणारा मॅक्रो शोधा आणि त्याच्या त्रुटीच्या वाटेवरही ट्रू करणारी ओळ घाला. जुन्या फाइलीत ‘ऑटो_क्लोज’ असेल तर हेही लक्षात ठेवा: फाइल कोडमधून बंद केली की तो आपणहून चालत नाही, ‘रनऑटोमॅक्रोज’ लागतं.

वीज गेली, एक्सेल कोसळलं किंवा टास्क मॅनेजरमधून मारलं, तर कुठलाच इव्हेंट येत नाही. म्हणून ‘उघडली’ या नोंदीला जोडीची ‘बंद’ नोंद असेलच असं हिशेब करणाऱ्या कोडने गृहीत धरू नये.

बदल करून झाल्यावर या क्रमाने तपासा. सेल बदला, फुली, कॅन्सल, लगेच दुसऱ्या फाइलवर जा: नोंद पडता कामा नये. परत या, फुली, आणि प्रश्न पडद्यावर तसाच ठेवून दहा सेकंद थांबा, मग डोन्ट सेव्ह: एकच नोंद, आणि पुढचा एक मिनिटभर फाइल आपोआप उघडता कामा नये. उघडली, तर रद्द करताना दिलेली वेळ किंवा प्रोसीजरचं नाव लावतानाच्यापेक्षा वेगळं आहे; दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. शेवटी नेटवर्कची तार काढून फुली आणि सेव्ह: सेव्ह फसतं, फाइल उघडीच राहते, आणि ‘बंद’ची ओळ पडलेली नसते.